बांधाकडचा कोरा तास

आप्पा, तुम्ही असता तर यंदा पेरणीआधी तात्या जे बोलले ते खरं का, हे तुम्हालाच विचारलं असतं. आईला विचारून झालं. तिनं भाकरी थापता थापता नुसती मान हलवली.

मी बारावीत होते, तेव्हा विहिरीजवळचा तुकडा तुम्ही मला दिलात. आजूबाजूला सगळा ऊस आणि मधे आपला एवढासा हरभरा. त्याला दरवर्षी मर लागायची. बुरशी बियाण्यातूनच यायची आणि वीतभर झालेलं रोप उभ्या उभ्या वाळायचं. कडुलिंबाचा पाला आणि लसूण ठेचून अर्क कसा काढायचा, त्यात बी किती वेळ ठेवायचं, हे तुम्हीच शिकवलंत. ट्रायकोडर्माची पुडी मी आणली होती. ‘बुरशीला बुरशी खानार व्हय?’ म्हणून तुम्ही हसलात, आणि मग गुळाच्या पाण्यात ती स्वतः कालवून दिलीत. काही तास, म्हणजे पेरणीच्या ओळी, अर्काचे, काही ट्रायकोडर्माचे. बांधाकडच्या तासाला मात्र काहीच लावायचं नाही, असं तुम्ही बजावलंत. ‘तो कोरा ठेव. न्हाईतर कशानं काय झालं ते कळनार कसं?’ एकदा मी घरात बसूनच सांगितलं, सगळं उगवलंय म्हणून. तुम्ही मला ताटावरून उठवलंत. ‘अंदाजानं बोलू नको. जाऊन बघून ये.’

त्या वर्षी कोरा तास पार वाळला आणि बाकीचे हिरवेगार राहिले. लोक बघायला आले. मी शेतकीला गेले ते त्या एका तासामुळे.

यंदा पेरणीआधी मी ओट्यावर गोणपाट पसरून बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळत होते. तात्या आले. तुमच्या पाठचे भाऊ, पण तुमच्यासारखं गप्प बसणं त्यांना जमत नाही.

‘कोरा तास ठेवती का अजून?’

‘ठेवते की.’

‘मंग बी ह्याच ढिगातलं टाक बाई. तुझ्या बापानं त्या तासाला माझ्या वावरातलं मर लागलेलं बी नेलं हुतं. म्हनला, पोरीचं पयलंच काम हाय, फरक दिसला न्हाई तर हिरमुसंल.’

‘गप बसा की भावजी,’ आई आतून म्हणाली. म्हणजे तिलाही माहीत होतं. तात्या चहा पिऊन हसत गेले. माझे हात गुळानं चिकट, तसेच राहिले.

आप्पा, औषध खोटं नाही. पुढं प्रयोगशाळेत मी ते कितीदा तरी तपासलं. पण आता मी गावोगावी बायकांना बीजप्रक्रिया शिकवते आणि प्रत्येक ठिकाणी सुरुवात एकाच वाक्यानं करते, ‘माझ्या वडिलांच्या शेतात मी डोळ्यांनी पाहिलं.’ बायका पुस्तकावर नाही, त्या वाक्यावर विश्वास ठेवतात. अंदाजानं बोलले म्हणून जेवताना उठवणाऱ्या माणसानं हे करावं? हिरमुसले असते तर हिरमुसले असते. मला खरं काय ते कळलं असतं. तुम्ही माझ्यासाठी केलंत, म्हणून तुमच्यावर धड रागावताही येत नाही, याचा राग जास्त येतो.

यंदा सगळं बी एकाच ढिगातलं घेतलं. बांधाकडचा तास कोरा आहे. देवळाली प्रवराकडच्या बायका लवकरच बघायला येणार आहेत आणि तो तास इतरांसारखाच हिरवा उभा आहे. तो तसाच राहिला, तर तसाच दाखवीन. जुनी गोष्टही सांगून टाकीन, तुमच्यासकट.

हा कागद कुणाला द्यायचा नाही, म्हणून एवढं लिहिते. आज सकाळी कोऱ्या तासातलं एक रोप मान टाकलेलं लांबूनच दिसलं आणि मी जवळजवळ धावतच गेले. बसून पाहिलं. बुंध्याशी अळीनं कुरतडलं होतं. मर नव्हती. त्याचंच मला वाईट वाटलं, आप्पा.