गळकं छप्पर

मास्तर, आपल्या आळीचं बैठकघर सिमेंटच्या गोणी ठेवायला द्यायचं म्हणतायत. येत्या रविवारी बैठक आहे, तिथं सगळ्यांनी हात वर केले की झालं. गेल्या बैठकीत मी उभा राहून म्हटलं, वरचा स्लॅब पाडा आणि माडाच्या झावळ्यांची विणलेली झापं घाला. सगळे हसले. अध्यक्ष म्हणवणारा शेजारचा मुलगा प्रेमानंच म्हणाला, "आजोबा, झापं विणायला माणसं कुठनं आणू? इथे सतरंजी झटकायला दोघं मिळत न्हाईत." मी खाली बसलो. संताप आला तो त्याचा नाही, माझाच. उत्तर तुम्ही देऊन ठेवलं होतंत, आणि मला ते वेळेवर तोंडातून काढता आलं नाही.

साठ सालच्या आधीचा तो वैशाख मला अजून दिसतो. बैठकघर म्हणजे चार बाजूंनी उघडी, पोफळीच्या खांबांची पडवी. त्यात तुमचं पुस्तकांचं कपाट आणि सुपारी सोलायला बसणाऱ्या बायकांचे पाट. तिथेच संध्याकाळी तुम्ही बोटीनं आलेलं शिळं वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचात. पावसाआधी छप्पर नवं करायचं, म्हणून घराघरातून झावळ्या यायच्या. त्या तळ्यात भिजत घालायच्या आणि मग सगळी आळी विणायला बसायची. मी तेव्हा सातवी होऊन घरच्या वाडीला पाणी लावत होतो, पण विणायच्या दिवशी पाण्याला सुट्टी. तुम्ही मधोमध बसून भुजंगप्रयात वृत्तातली कविता सुरू करायचात. लगागा लगागा. लघूला झावळीची पात उचलायची, दोन गुरूंना दाबत न्यायची. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायकांना शाळेतल्या कविता पाठ झाल्या त्या अशा, बोटांतून. पलीकडची भंडारीण काकू म्हणते, "मास्तर, जरा लांबडी कविता घ्या. ही संपली की माझं झाप संपतं, नि घरी सासू वाट बघत्ये." सासू तिच्या शेजारीच बसलेली असते. ती न बघता म्हणते, "बघत न्हाय गो, ऐकत्येय." तुम्ही हसता हसता ओळ चुकता, आणि तीसेक माणसं तुम्हाला सुधारतात. वर्षभर एकमेकांशी न बोलणारी दोन घरं त्या दिवशी एकाच झावळीच्या दोन टोकांना बसायची, कारण झावळी लांब आणि जागा थोडी.

मग एका पावसात छप्पर गळलं आणि कपाटातली पुस्तकं भिजली. मुंबईला पेढीवर असणारे आळीतले काका गणपतीला आले तेव्हा म्हणाले, "मास्तर, दरसाल हा पसारा कशाला? मी पत्रे देतो. वीस वर्षं बघायला नको." तुम्ही म्हणालात, "तेच तर. बघायला नको म्हणजे येणार कोण?" काकांना वाटलं मास्तर थट्टा करतायत. भंडारीण काकूनं तेवढं ओळखलं. "गळतंय म्हणून तरी जमतो हो आम्ही," ती म्हणाली, पण तिचं कोण ऐकतो. मी मध्येच शहाणपणा केला, पुस्तकं तरी वाचतील म्हटलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "पुस्तकं उन्हात टाकली की वाळतात," एवढंच बोललात आणि तुमची झावळ्या चिरायची कोयती माझ्या हातात दिलीत. "ठेव. आता मला काय करायच्येय."

बोर्लीच्या बाजारातून बैलगाडीनं पत्रे आले. पहिल्या वैशाखात चारदोन जण सवयीनं आले, पत्र्याकडे बघून परत गेले. पुढल्या वर्षी तेही नाहीत. पत्रा तापायचा, दुपारी खाली बसवेना, म्हणून बायकांनी पाट घरी नेले. चोरी होईल म्हणून भिंती आल्या, भिंतींना दार, दाराला कुलूप. तुम्ही गेलात तेव्हा तुमची तसबीर लावायला ते कुलूप उघडलं. माझ्या डोळ्यांदेखत पत्र्याचा स्लॅब झाला, बाहेर देणगीदारांची संगमरवरी पाटी आली, आणि दरसाल पाटीवर कुणाचं नाव आधी यावरून भांडण होतं. छप्पर गळत नाही, मास्तर. अगदी थेंब नाही.

काल मी चार झावळ्या पाडून घेतल्या आणि न्हाणीघरातल्या टाकीत भिजत घातल्या. सून ओरडेल वाटलं होतं. आज तिनं टाकीत डोकावून विचारलं, "बाबा, हे कसं विणतात?" आणि पदर खोचून समोर बसली. तुमची कोयती अजून चालते. मी तुमचीच कविता धरली, पात उचलली, दोन दाबल्या. तिचा हात चटकन बसला. दोन चरण नीट झाले, आणि तिसऱ्याला मी अडलो. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, पुन्हा तिथेच. सुधारायला तीस माणसं नव्हती.

अर्धं झालेलं झाप ओट्यावर आहे. रविवारी ते तसंच बैठकीत नेऊन सगळ्यांच्या मधोमध टाकणार आहे, पुढचा चरण कुणाला येतो का बघायला. हा कागद तुमच्या कोयतीला गुंडाळून फळीवर ठेवतो, दुसरीकडे कुठे पाठवणार. सुनेला मी म्हटलं, पाठ दुखत्येय, उरलेलं उद्या करू. ओळ आठवत नाही हे तिला सांगितलेलं नाही, फक्त तुम्हाला.