निळी न झालेली मुळं

"असेल सर, माझ्याकडूनच झालं असेल," असं प्रयोगशाळेतले भिंगकाका म्हणाले आणि मी त्यांच्या शेजारी उभा असूनही गप्प राहिलो, त्या सकाळी माझं सगळं बदललं. मृत्युपत्राची सुरुवात अशी करत नाहीत, असं मामाचं म्हणणं आहे. पण मृत्युपत्र माझं आहे.

आता रीतसर. मी, वय वर्षे तेवीस, शेतकी कॉलेज तिसऱ्या वर्षात अर्धवट सोडून आलेला, सध्या मामाच्या रोपवाटिकेत कामाला, पूर्ण शुद्धीवर राहून आणि कोणाच्याही दबावाला बळी न पडता (मामा समोर बसून "आटप" म्हणतो आहे, तो दबाव धरू नये) लिहून ठेवतो की, मातीची ओली गोणी एकट्यानं उचलण्याची मिजास केल्यामुळे मला हर्निया झाला असून सोमवारी त्याचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही. मग त्यांनी एका कागदावर माझी सही घेतली. त्या कागदात काय काय होऊ शकतं याची यादी होती. ती वाचल्यावर माझ्यापश्चात भांडणं नकोत म्हणून पुढील व्यवस्था करतो.

एक. माझी मोटारसायकल आईला. आईला ती चालवता येत नाही आणि तिचा आवाजही सहन होत नाही, हे मी जाणतो. तिनं ती विकावी आणि गुडघ्यांवर इलाज करून घ्यावा. मोटारसायकल मामाला हवी आहे, पण मामा या कागदावर साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही ठेवलं तर पुढे फाटे फुटतात, असं त्यानंच मला सांगितलं. सांगून झाल्यावर त्याचा चेहरा पडला.

दोन. माझं खुरपं, लांब तोटीची झारी, कलमाचा चाकू आणि सगळ्या चाळण्या रोपवाटिकेच्याच. बारीक चाळणीनं माती चाळावी, चहा गाळू नये. कोण गाळतं ते त्याला माहीत आहे.

तीन. वाटाण्याच्या वाफ्याबद्दल सूचना. गिऱ्हाइकं मुळांवरच्या गाठी बघून "कीड लागली" म्हणतात आणि मामा वाद नको म्हणून रोप बदलून देतो. यापुढे देऊ नये. गाठ नखानं फोडून दाखवावी. आत गुलाबी दिसली तर तिच्यातले जिवाणू कामावर आहेत, हवेतलं नत्र झाडाला देताहेत आणि झाड त्यांना साखर देतं आहे. हे समजावूनही गिऱ्हाईक हटून बसलं तर ते गिऱ्हाईकच बदलावं.

चार. मी लिहिलेली आणि न पाठवलेली सतरा पत्रं पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत आहेत. ती न वाचता जाळावीत. राख टोमॅटोच्या वाफ्यात घालावी. राखेत पालाश असतं, निदान टोमॅटोचं तरी भलं होईल.

ही पत्रं जिला लिहिली तिला मी मुळाक्षर म्हणायचो. ती माझ्यापेक्षा तीन वर्षांनी पुढे, पदवी संपवून मुळांवर संशोधन करणारी, आणि कुंडीवरच्या चिठ्ठ्यासुद्धा पाटीवर गिरवल्यासारख्या लिहिणारी. ती मला भडक्या म्हणायची. पहिल्याच दिवशी काचघराच्या कुलपाला मी लाथ घातली होती, त्यावरून. मी म्हटलं, "अडकलं होतं." ती म्हणाली, "उलटी किल्ली घातली होतीस."

पाच. निळ्या शाईची ही दौत. हीच समोर ठेवून लिहितो आहे, त्यामुळे जेवढी उरेल तेवढी. तिला द्यावी. का, ते सांगणं भाग आहे.

मुळांत बुरशी असते. वाईट नाही, कामाची. तिचे तंतू केसाहून बारीक. मुळात अर्धे आत शिरतात आणि अर्धे मातीत पसरतात. मूळ जिथे पोचू शकत नाही तिथला स्फुरद शोधून आणतात. बदल्यात झाड त्यांना साखर देतं. कांद्याची मुळं तर जवळजवळ टकली, त्यांना स्वतःचे केसही धड नसतात, त्यामुळे कांद्याचं या बुरशीवाचून फार अडतं. मुळाक्षरचा प्रयोग कांद्यावर होता. मुद्दाम कसदार नसलेली माती, निम्म्या कुंड्यांत बुरशी, निम्म्या कुंड्यांत नाही. वाढीत किती फरक पडतो ते बघायचं. आणि बुरशी मुळात शिरली की नाही ते बघायला मूळ उकळून स्वच्छ करायचं आणि साध्या लिहायच्या शाईत थोडं व्हिनेगर घालून त्यात बुडवायचं. मूळ पारदर्शक राहतं, तंतू निळे होतात. भिंगाखाली पहिल्यांदा तिनं मला ते दाखवलं तेव्हा म्हणाली, "बघ, कोणीतरी आत बसून पत्र लिहितंय."

त्यानंतर मी कामातून गेलो. दर रविवारी कुंड्यांना पाणी घालायला मी स्वतःहून जाऊ लागलो. खरं काम भिंगकाकांचं. ते प्रयोगशाळेतले जुने मदतनीस, तीस वर्षं भिंगं पुसलेली, काचेवर धुळीचा कण कुठे आहे ते बोटानं सांगणारे. "तू बस रे बाळा," म्हणायचे, "तुझं लक्ष कुंडीकडे कमी आणि दाराकडे जास्त."

सहा. मृदाशास्त्राच्या सरांवरचा राग. हा मी कोणालाच देत नाही. दोन वर्षं जपून ठेवला, पण खरं पाहता तो त्यांच्यावरचा नव्हताच. प्रयोगशाळेच्या दाराची तडकलेली काच मात्र माझी. ती बसवून द्यावी. कॅन्टीनमध्ये तिच्यासमोर बसणाऱ्या उंच मुलावरचा राग अजून शिल्लक आहे, तो आईनं माझ्यासोबत जाळावा.

सात. आता जे लिहायला बसलो ते.

पावसाळा संपताना तिचे बुरशीवाले कांदे फिके पडले. ती काही बोलायची नाही, पण चिठ्ठ्यांवरचं अक्षर बारीक होत चाललं. सर म्हणाले होते, "थांब. मुळांना वेळ दे. तंतू पसरायला वेळ लागतो." मला थांबणं कधी जमलं आहे? मी मामाच्या गोदामातून सुपर फॉस्फेट, म्हणजे स्फुरदाचं खत, आणलं, डब्यात भिजवलं, वरचं पाणी गाळून घेतलं आणि तीन रविवार तिच्या बुरशीवाल्या कुंड्यांना पाजलं. कोणाला सांगितलं नाही. तिचा प्रयोग जिंकावा एवढंच डोक्यात होतं. भिंगकाका झारी भरायला नळावर गेले की मी डबा काढायचो.

कांदे असे तरारले की विचारू नका. ती काचघरात नाचली. माझा हात धरून म्हणाली, "भडक्या, बघितलंस? माझी बुरशी!" तो हात मी दिवसभर धुतला नाही.

मग मुळं उकळली, शाईत बुडवली. जुन्या मुळांत तुरळक निळं होतं. नव्या मुळांत काहीच नाही. कोरी. तिनं दुसरी कुंडी घेतली, तिसरी घेतली. सगळी मुळं काचेसारखी स्वच्छ आणि रिकामी. झाडाला स्फुरद आयता मिळू लागला की ते बुरशीला साखर देणं आखडतं घेतं आणि नव्या मुळात तिला येऊ देत नाही, हे मला परीक्षेत आलं होतं. मी ते लिहिलंही होतं, बरोबर लिहिलं होतं. पण डबा ओतताना ते आठवलं नाही, कारण तेव्हा मी झाडाचा विचारच करत नव्हतो.

मातीची तपासणी झाली. स्फुरद नको तेवढा निघाला. तिचं वर्ष गेलं. सरांनी विचारलं, "रविवारी पाणी कोण घालतं?" भिंगकाका पुढे आले. कोपऱ्यात खताच्या पाण्याची एक जुनी झारी होती. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे. "असेल सर, माझ्याकडूनच झालं असेल. झारी चुकली असेल. हल्ली दिसतं कमी."

त्यांना कमी दिसत नव्हतं.

मी तेव्हा तोंड उघडलं असतं तर हे मृत्युपत्र एका पानात संपलं असतं. तोंड मी उघडलं, पण दुसऱ्या दिवशी, त्यांना प्रयोगशाळेतून काढून फाटकावर बसवल्याचं कळल्यावर. सरांच्या खोलीत शिरून ओरडलो, "तीस वर्षं राबलेल्या माणसाला असं फेकता? लाज नाही वाटत?" सर म्हणाले, "मग कोणी केलं ते सांग." मी म्हटलं, "असल्या ठिकाणी मला शिकायचंच नाही." दार असं आपटलं की काच तडकली. निम्मं कॉलेज व्हरांड्यात जमलं होतं. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. खोटं किती मोठ्यानं बोलता येतं, ते मला त्या दिवशी समजलं.

आठवड्यानं तिचं पत्र आलं. दोनच ओळी. "काकांसाठी तू भांडलास हे कळलं. तू भडक्या आहेस, पण खरा आहेस." माझी सतरा पत्रं या एका पत्राची उत्तरं आहेत. प्रत्येक पत्र "खरा" या शब्दापर्यंत येतं आणि तिथेच अडतं.

तेव्हा माझ्यापश्चात हे कलम मुळाक्षरला, सरांना आणि भिंगकाकांना मोठ्यानं वाचून दाखवावं, म्हणजे कोणाचा दोष होता ते

(इथे मामानं कागद ओढून घेतला आणि वाचला. साक्षीदारानं आतलं वाचायचं नसतं, हेही त्यानंच मला सांगितलं होतं. यापुढचं त्याच्याच आग्रहानं लिहितो.)

मामानं कागद गुडघ्यावर ठेवला. मग म्हणाला, "म्हातारा गेल्या आठवड्यात आला होता."

"कोण?"

"भिंगवाला. जास्वंदीचं रोप न्यायला. तू कुंड्या रचत होतास मागे. सोबत खत घेतलं, तर गोणीवरचं नाव मला दोनदा वाचायला लावलं. म्हणाला, दोनदा वाच बाबा, माझा माझ्यावर भरवसा राहिला नाही. घरी चहात साखर घालतानाही बायकोला विचारतो म्हणे, हीच ना साखर?"

मी दौतीचं झाकण लावत बसलो. ते लागत नव्हतं.

"आणि तुझी चौकशी केली. म्हणाला, माझ्यापायी पोरानं कॉलेज सोडलं, त्याला सांगू नका मी आलो होतो, उगाच वाईट वाटेल."

"मामा, मी लिहिलंय ना आता सगळं."

"लिहिलंस. मेल्यावर वाचायला." त्यानं कागद माझ्यासमोर आपटला. "हर्नियानं कोण मरतं रे गाढवा? तू जगशील अजून साठ वर्षं. तो साठीला आलाय. त्यानं काय करायचं, तुझी वाट बघायची?"

शेजारच्या शिवणाऱ्या मावशी दुसऱ्या साक्षीदार म्हणून आल्या होत्या. हातातली टेप गळ्यात अडकवून त्या म्हणाल्या, "मला कुठे सही करायची ते सांगा, बाहेर गिऱ्हाईक उभं आहे." मग माझ्याकडे बघून हळूच, "मामा बरोबर बोलतोय हो."

मामा म्हणाला, "सातवं खोड. तोवर मी सही करत नाही."

म्हणून लिहून ठेवतो की, कलम सात रद्द. कारण, त्याची अंमलबजावणी करणारा अजून जिवंत आहे आणि ते काम दुसऱ्या कोणावर सोपवण्याचा त्याला अधिकार नाही.

आठ. खिडकीतली गवताची कुंडी. तिच्यात मुळाक्षरच्या बुरशीच्या मूळ मातीतली चिमूटभर माती आहे, काचघरातून निघताना खिशात घातलेली. हे तंतू नुसत्या मातीत फार दिवस टिकत नाहीत, त्यांना जिवंत मूळ लागतं, म्हणून दोन वर्षं गवत लावून जपली. खत एकदाही घातलं नाही. हात शिवशिवले, पण नाही घातलं. गवत खुरटं आहे. आज सकाळी एक मूळ उकळून याच शाईत बुडवलं. निळं झालं, टोकापर्यंत. ही कुंडीही कोणाला ठेवत नाही. बरोबर नेतो आहे.

बाकी सर्व वर लिहिल्याप्रमाणे कायम. वाचलं, समजलं, माझ्या हातानं लिहिलं, खाडाखोडही माझीच.

सही (भडक्या)

साक्षीदार पहिला : मामा, रोपवाटिकेचा मालक. सातवं खोडल्यावर सही केली.
साक्षीदार दुसरा : शेजारच्या शिवणाऱ्या मावशी. घाईत सही केली, पण बघून केली.
स्थळ : रोपवाटिकेची मागची खोली, कुंड्यांची.
दिनांक : ऑपरेशनच्या आधीचा शुक्रवार, सकाळचे अकरा.

शाई अजून ओली आहे, म्हणून घडी न घालता कागद टेबलावर ठेवतो आणि वर खुरपं. मामा म्हणतो, कुंडी मी उचलतो, तुला वजन उचलायला मनाई आहे. त्याला म्हटलं, हिला वजन नाही. आधी फाटकावर, काकांकडे. ते काय म्हणतील माहीत नाही. कदाचित काहीच म्हणणार नाहीत, आणि ते ऐकत मला उभं राहावं लागेल. मग सरांची खोली. मग काचघर, ती अजून तिथेच कांदे लावते, आणि ती जे म्हणेल ते. "खरा" हा शब्द ती परत घेईल. घ्यावा, तिचाच आहे.

कुंडी डाव्या हातात आहे, कडी उजव्या. मागच्या वेळी दार आपटलं होतं. या वेळी हळूच ओढून घेतो.