मागची दांडी

कोल्टर, कॅन्सस
रविवार, १४ सप्टेंबर

प्रिय गेलन,

‘तुला हे कशाला शिकायचंय?’ असं नोरीनने मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मला उत्तर देता आलं नाही. गुरुवारी परीक्षा पास झाले, परवाना मिळाला, तरी अजून देता येत नाही.

पत्राची सुरुवात अशी करायची नसते, म्हणून आधी खुशाली. बाबांचा गुडघा जिना चढताना दुखतो, बाकी ते ठीक आहेत. गव्हाची पेरणी सुरू झाली आहे आणि गावभर धूळ आहे. शाळेत या वर्षी सातवीचं विज्ञान माझ्याकडे आलं. आईची स्कूलबस आता एक नवा माणूस चालवतो. आपल्या फाट्यावरचं वळण त्याला अजून जमत नाही, कुंपणाच्या खांबाला घासतोच. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला तू येणार नाहीस, हे बाबांकडून कळलं. ‘त्याला तिकडे काम असेल,’ म्हणाले आणि उठून भांडी घासायला लागले. भांडी मी आधीच घासून ठेवली होती.

तर, मी ट्राइक उडवायला शिकले. आईचीच. तू तिला ‘पतंगाला टांगलेली तीनचाकी’ म्हणायचास आणि आई चिडायची. ‘तुझ्या त्या फवारणीच्या विमानात बसून तोंडाला वारा तरी लागतो का रे?’ म्हणायची. ट्राइकचा वाकलेला सांगाडा नोरीनने सरळ करून घेतला आणि वर नवा पंख बसवला. ज्या नोरीनने आईला शिकवलं, तिनेच मला शिकवलं. आता सत्तरी ओलांडली तिने, पण आवाज तोच. मी पुढे, ती माझ्या पाठीमागे, आणि मागे तिच्या हाताशी पंख फिरवायची तिची वेगळी दांडी, माझ्या दांडीलाच जोडलेली. मी चुकले की ती मागून सावरून घेते आणि कानात ओरडते.

‘दांडीला मिठी काय मारतेस? नवरा आहे का तुझा? दोन बोटं पुरतात!’

‘ग्रॅज्युएट बाई, पुस्तकातला वारा संपला. हा खरा आहे, याच्याशी नीट बोला!’

घरातली पहिली ग्रॅज्युएट म्हणून आई बसमधल्या पोरांनासुद्धा माझी ओळख करून द्यायची. ते नोरीनने तिच्याकडूनच उचललंय.

मला फार अवघड गेलं नाही. नोरीन म्हणते, कोरी पाटी सगळ्यांत बरी. ज्यांचे हात विमानावर तयार झालेत त्यांना शिकवायचीच तिला भीती वाटते. विमानात नाक वर करायचं तर दांडा पोटाकडे ओढायचा. इथे दांडी पुढे ढकलायची. ओढली की नाक खाली. सगळं उलटं. ‘डोक्याला ते एका दिवसात पटतं,’ ती म्हणाली, ‘हातांना पटत नाही. जमीन जवळ आली की हात आपल्या जुन्या घरी पळतात.’

कोणाचं नाव तिने घेतलं नाही. मी ‘बरं’ म्हणाले आणि हेल्मेट खुंटीला अडकवलं. मला काही वाटलं नाही. गेल्या वर्षापासून मला फारसं काही वाटतच नाही. दाताच्या डॉक्टरकडून आल्यावर ओठ कसा असतो, तसं. चावला गेला तरी कळत नाही.

जुलैत पहिल्यांदा एकटी उडाले. उतरल्यावर नोरीनने रिवाजाप्रमाणे माझ्या शर्टाची पाठ कात्रीने कापली, त्यावर तारीख घातली आणि तो तुकडा ट्राइक ठेवतात त्या हँगरच्या भिंतीवर ठोकला, आईच्या तुकड्याशेजारी. आईचा निळ्या चौकड्यांचा आहे. तिने त्या दिवशी मुद्दाम तुझा शर्ट घातला होता. ‘आई, तो माझा चांगला शर्ट होता!’ म्हणून तू केवढा ओरडला होतास. तिने तुला केक भरवून गप्प केलं.

इथपर्यंत लिहून काल मी पत्र ठेवून दिलं. आता सोमवारची सकाळ आहे. शाळेला निघायला थोडा वेळ आहे, तेवढ्यात लिहून टाकते.

गेलन, वाऱ्याबद्दल लिहायचं आहे. सगळे म्हणतात वारा. बाबा धान्याच्या कोठारावर येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगतात. आईच्या अंत्यविधीला पाद्रीही वाऱ्याचा झटका म्हणाले. तूही म्हणालास, एकदाच. त्यानंतर तू काहीच बोलला नाहीस, आणि सामान घेऊन गेलास.

त्या दिवशी मी कुंपणापाशी उभी होते. आपल्याकडे वारा पडलेला असतो तो उजाडताना, आणि म्हणूनच आई तुला त्या वेळी मागे बसवून घेऊन गेली होती. वारा दाखवणारी नारिंगी पिशवी खांबाला चिकटून लोंबत होती. ट्राइक छान खाली येत होती. मग अगदी जमिनीपाशी दांडी पुढे जायची ती मागे आली, आईच्या पोटाशी. मला वाटलं, असंच असतं. मी तुम्हाला हात हलवत होते.

मी काय पाहिलं ते मला या उन्हाळ्यात कळलं.

ऑगस्टमध्ये मी नोरीनला म्हटलं, ‘एकदा उंचावर मला करून दाखव. मी ढकलते, तू मागून ओढ.’ तिने इंजिनाचं तेल दोनदा तपासलं. मग म्हणाली, ‘चल वर.’ वर गेल्यावर तिने ओढली. मी दोन्ही हातांनी, पाय रोवून, जीव खाऊन ढकलली. दांडी हलली नाही. नाक खाली गेलं, समोर नुसतं कापलेलं शेत. मग तिने सोडली.

‘पुरे?’

‘पुरे.’

एका म्हाताऱ्या बाईपुढे माझं काही चाललं नाही. आईचं तुझ्यापुढे काय चालणार होतं?

हे वाचून पत्र ठेवून देऊ नकोस. मला राग येईल म्हणून मी खूप दिवस वाट पाहिली. आला नाही. तू तिला वाचवायलाच ओढलीस, हेही मला माहीत आहे. तुझ्या विमानात त्यानेच माणूस वाचतो. ही गोष्ट आपल्या एकट्यालाच ठाऊक आहे असं तुला वाटतं आणि म्हणून तू घरी येत नाहीस. तर तू एकटा नाहीस, एवढंच मला लिहायचं होतं. बाबांना मी काही सांगितलेलं नाही. पण मला वाटतं, त्यांनाही कळलं आहे. घासलेली भांडी माणूस उगाच पुन्हा घासत नाही.

आणखी एक. मागची दांडी शिकवणाऱ्यासाठी असते. परवाना मिळाला की ती काढून टाकायची. आईने काढली नव्हती. नोरीनने तिला टोकलंही होतं. आई म्हणाली, ‘असू दे गं, उद्या गेलन बसणार आहे. हाताला काही नसलं तर जीव मुठीत धरून बसेल तो.’ हे नोरीनने मला गुरुवारी परीक्षेनंतर सांगितलं. ‘तिचं न ऐकता मीच पाना घ्यायला हवा होता,’ म्हणाली आणि रडली. मी तिच्याजवळ बसून राहिले. मला रडू आलं नाही.

परवान्यावर मला आता एक माणूस मागे बसवता येतो. एकच. थँक्सगिव्हिंगला पहाटे सहसा वारा नसतो. बाबांना दालचिनीचे रोल तुझ्यासाठीही करायला सांगते. बाकी तू ठरव.

काल हे पत्र अर्धवट ठेवून मी हँगरवर गेले होते. पाना घेऊन मागची दांडी सोडवली. बोल्ट जाम झाले होते, पण निघाले. दांडी नोरीनच्या ट्रकमध्ये टाकून दिली. मागे बसणाऱ्याच्या हाताला आता काही लागणार नाही, माझ्या खांद्यांशिवाय.

तुझी बहीण,
ट्रेसा