मास्तरांच्या लेथची शिट्टी

४ फेब्रुवारी, बुधवार

मास्तरांचा लेथ पाहून आलो. तेव्हापासून कशात मन लागत नाही.

मास्तर मुलीकडे राहायला चाललेत. महिनाअखेर शेड रिकामी करायची आहे. निरोप मुलीनेच धाडला – बाबा म्हणतात, लेथ आधी तुम्हाला दाखवायचा, मग बाकीच्यांना. याच लेथवर लोखंड फिरवून मी आयुष्यातले पहिले आटे पाडले. वाकडेतिकडे. मास्तरांनी तो तुकडा आठ दिवस खिडकीत मांडून ठेवला होता, येणाऱ्या-जाणाऱ्याने बघावा म्हणून. आज त्याच खिडकीखाली मी गिऱ्हाईक बनून उभा.

बेडच्या लांब रुळांवर बोट फिरवलं. तुकडा पकडणाऱ्या चकजवळ झीज असतेच, इथे नावापुरती. झीज मोजायचा डायल लावला, काटा जेमतेम हलला. चक फिरवणाऱ्या स्पिंडलखाली लाकडी दांडा घालून उचकून पाहिलं – ढिलाई नाही. मग माझी नेहमीची परीक्षा. स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगपाशी, मूठ कानाला, मशीन चालू.

बारीक शिट्टी. अखंड.

“मास्तर, बेअरिंग गातंय.”

“गेल्या वर्षीच बदललंय की.”

मुलगी म्हणाली, “काका, डायल तर बरोबर दाखवतोय.”

“डायलला डोळे असतात गं. कान नसतात.” टाळी घ्यायची माझी सवय. कोणी हसलं नाही.

मास्तरांनी स्क्रूड्रायव्हर माझ्या हातून घेतला. स्वतःच्या कानाला लावला. बराच वेळ. मग म्हणाले, “मला नाही ऐकू येत. पण माझे कान आता म्हातारे झाले. तुला येतंय म्हणजे असणार.”

निघताना एवढंच बोलले – “पैशाचं राहू दे रे. चालवणाऱ्याच्या हातात जावा.”

५ फेब्रुवारी

नाही घ्यायचा. बेअरिंग नवं असून शिट्टी वाजते, म्हणजे खोट ते बसतं त्या घरातच. ती निस्तरत बसलो तर माझी कामं कोण करणार? फोनवर कळवलं. मास्तर “बरं” म्हणाले. नुसतं बरं.

७ फेब्रुवारी

बायको चिडली. तीनदा बेल वाजवली म्हणे, मी समोर बसून दार उघडलं नाही. “अहो, लक्ष कुठे असतं?” लेथमध्ये, म्हटलं. “मग आणा ना घरी, तुमच्याशी बोलेल तरी तो.”

१० फेब्रुवारी, मंगळवार

दोन फोन. एक पंपवाला, एक सायकलचे भाग करणारा. दोघांचा एकच प्रश्न – मास्तरांचा लेथ तुम्ही का सोडलात?

स्पिंडलला आवाज आहे, म्हणालो. खरं तेच सांगितलं. पण तुम्हीही एकदा बघून या, हे चार शब्द जिभेवर आलेच नाहीत. सायकलवाल्याने विचारलंही, जाऊन बघू का? म्हटलं, तुमची मर्जी. पंपवाला तर म्हणाला, “तुम्ही ऐकलंत ना? मग विषय संपला.” बरं वाटलं ऐकून. शाळा अर्धी सोडलेल्या माणसाच्या कानाला एवढा मान! नंतर जेवण गोड लागलं नाही.

१७ फेब्रुवारी

मुलीचा फोन. कोणी फिरकलं नाही. उद्या भंगारवाला येतोय. अख्खा लेथ दारातून निघत नाही, सुटा करत बसायला त्याला वेळ नाही; बेड बिडाचा, तेव्हा जागेवरच घणाने फोडणार. “बाबा विचारताहेत, काका, तुमच्या उपयोगाचं काही काढून ठेवू का?”

चक, म्हणालो. तोंडातून पटकन गेलं. चांगला माल दिसला की हात पुढे होतो माझा. फोन ठेवल्यावर स्वतःची लाज वाटली.

१८ फेब्रुवारी, बुधवार

कोपऱ्यावरच घण ऐकू आला. आत गेलो तेव्हा बेडचे तीन तुकडे झाले होते. तुटलेली बाजू करडी, स्वच्छ, एकही जुनी चीर नाही.

मास्तर स्टुलावर पाठ करून बसले होते. चक तेल लावून, फडक्यात गुंडाळून ठेवलेला. माझ्या हाती देत म्हणाले, “मनाला लावून घेऊ नको. खोट होती, तू सांगितलीस. लपवली असतीस तर रागावलो असतो.”

मुलगी माझ्याकडे बघत नव्हती.

आपणच घेऊन कोपऱ्यात ठेवला असता. जागा होती. आहे अजून.

२० फेब्रुवारी

चक फडक्यातून काढलेला नाही.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

नवा लेथ आला. कोरा, पेटीबंद. कंपनीच्या फिटरने बसवून चालू केला. मी स्क्रूड्रायव्हर कानाला लावला – तीच शिट्टी. फिटरला म्हणालो, खोटा माल आणलास, घेऊन जा परत. त्याने डायल लावला, माझ्याकडे पाहिलं, स्विच बंद केला.

चक थांबला. शिट्टी थांबली नाही.