हत्ती उलटवायचा नव्हता

अंबत्तूर, चेन्नई
रविवार

प्रिय काका,

आज सकाळी कपडे धुतले, डबा घासला आणि अड्यारला काकूंना भेटून आलो. त्यांनी तुमचा शोगीचा, म्हणजे त्या जपानी बुद्धिबळाचा, पट आणि सोंगट्यांची पेटी माझ्या हातात दिली. "तूच ठेव. मी काय करूं त्याचं?" एवढंच म्हणाल्या.

दुपारी आपला शेवटचा डाव चाली टिपायच्या वहीतून पुन्हा मांडला. म्हणून लिहितो आहे. काका, तो डाव तुम्ही हरला नव्हतात!

हरणाऱ्याने "हरलो" म्हणून वाकायचं आणि मग दोघांनी मिळून सगळा डाव उलगडून बघायचा, हे तुम्हीच शिकवलंत. इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात एका जपानी इंजिनिअरने ते तुम्हाला शिकवलं होतं. घरचा नियम तुमचा: हरणाऱ्याने सोंगट्या आवरायच्या आणि कॉफी करायची. दोन वर्षं रविवारची कॉफी बहुतेक मीच केली.

त्या दिवशी मात्र खाली ऑटो उभी होती. सेंट्रलवरून माझी गावची गाडी होती. मी दोनदा घड्याळ बघितलं आणि मग म्हणालो, "काका, आता काही उरलं नाही यात."

तुम्ही पटाकडे बराच वेळ बघितलंत. मग वाकलात. "सरि, बरं रे. हरलों."

"उलगडायचं?"

"आल्यावर बघूं. गाडी चुकेल तुझी."

"आणि कॉफी?"

"तीही आल्यावर. तुमच्या सांगलीच्या चहाची चव तोंडांतून जाऊं दे आधी!"

दहा दिवसांनी आलो तेव्हा तुम्ही नव्हतात.

मी पुढच्याच चालीला मात करणार होतो, हे खरं. म्हणजे तुम्हाला शहावर शह देतच माझा राजा पकडायला हवा होता. तुमच्या हातात माझं मारलेलं एकच प्यादं होतं; ते रिकाम्या घरात टाकता येत होतं. आणि तुमचा हत्ती माझ्या मुलखात शिरत होता. तिथे पोचलेली सोंगटी उलटवली की तिचा जोर वाढतो. हत्ती कोण उलटवत नाही? मीही आधी उलटवूनच बघितला. मग राजाला एकही घर उरत नाही आणि प्यादं टाकलं की मात. पण हातातलं प्यादं टाकून थेट मात करायची नाही, असा शोगीचा नियम. तिथेच अडलं. तुम्हीही तिथेच अडलात का?

हत्ती उलटवायचाच नाही, काका! तसाच ठेवला की राजाला तिरकं एक घर मोकळं राहतं. प्याद्याचा शह चालतो, राजा त्या घरात जातो आणि काकूंच्या नेलपॉलिशचा ठिपका लावलेली तुमची 'सोनं' नावाची सोंगटी एक घर सरकते. संपलं. मी सगळ्या वाटांनी पळून बघितलं. सुटका नाही.

खरंच दिसलं नव्हतं तुम्हाला? तीस वर्षं कारखान्यात तुम्ही एकेक भाग दोनदा मोजल्याशिवाय पुढे सोडला नाही. की दिसलं होतं, आणि माझं घड्याळ बघणंही दिसलं होतं? नुसतं "थांब" म्हणायला काय झालं होतं तुम्हाला? मी थांबलो असतो.

थांबलो असतो का? आज हे नक्की सांगता येत नाही, आणि तेच दुपारपासून मनातून जात नाही. गाडी सुटायला अजून दीड तास होता, काका. हे मी तेव्हा तुम्हाला सांगितलं नाही.

वहीत त्या डावापुढे मी माझं नाव लिहिलं होतं. ते खोडून तुमचं लिहिलं आहे. यापुढे ज्याच्यासमोर बसेन, त्याच्यासमोर घड्याळ काढून ठेवीन आणि डाव उलगडल्याशिवाय उठणार नाही. काकूंकडेही घड्याळ काढूनच बसेन.

हरलो, काका. सोंगट्या पेटीत भरल्या आहेत. आता कॉफीचं पाणी ठेवतो.

तुमचा,
सुहास