आरजूचा चुडा आणि गुरुवारची खोली

लोहारा, शुक्रवार दुपार

फातिमा आपांना धाकट्या उम्मेहानीचा सलाम.

तुमचे गुडघे काय म्हणतात? दुलाभाईंचा खोकला? शेळी व्याली का? इथं सगळे मजेत आहेत, मीसुद्धा बरीचशी. फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. तर दुलाभाई तुमचा फोन स्पीकरवर ठेवतात आणि अख्ख्या बेंबळी गावाला माझी खैरियत कळते. आजची खैरियत बेंबळीसाठी नाही.

तुमच्या आरजूच्या लग्नाला महिना राहिला. भाचीच्या हातात चुडा मीच भरणार, हे ती पाळण्यात होती तेव्हाच ठरलंय. पण आपा, तीन महिन्यांपासून माझे हात कापतात. आधी छातीत धडधड, मग घाम, मग हात. आठवडी बाजारात गजराबाईंना डझनभर बांगड्या भरायला बसले आणि त्यातल्या सहा वाढल्या (फुटल्या म्हणायचं नाही, ही अम्मीची शिस्त, पण त्या दिवशी त्या फारच जोरात वाढल्या). गजराबाई मनगटावर पदर दाबत एवढंच म्हणाल्या, "भाभी, हात हाय का काय हाय ह्यो? जावा घरी, निजा जरा." तीस वर्षांत पहिल्यांदा मी दुपारीच पेटी बंद केली.

मग ह्यांनी मला स्वतःच्या सवारीच्या जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. छातीचा कागद निघाला, रक्त तपासलं, सगळं ठीक. शेवटी गुरुवारी येणाऱ्या मनाच्या डॉक्टरांच्या खोलीत पाठवलं. डॉक्टर फार शांत माणूस. म्हणाले, ही घबराट आहे, पुष्कळांना होते, बरी होते. गोळ्या आहेत, बोलून करायचा उपचार आहे, काहींना दोन्ही लागतात. तुम्ही काय घेणार? आपल्याला डॉक्टरांनी कधी असं विचारलंय का? मी इतकी बावचळले की चहा घेते म्हणाले.

परतताना ह्यांनी जीपमधल्या सवाऱ्यांना विचारायला घेतलं, "आमच्या वळखीची एक बाई हाय..." आणि दहाच्या दहा माना माझ्याकडं वळल्या. निम्म्या रस्त्यापर्यंत मतांत गोळ्या पुढं होत्या. मग दोन सवाऱ्या उतरल्या आणि बरोबरी झाली. ह्यांचं मत पक्कं होतं: "बोलून बोलूनच तुला ह्ये झालंय. गोळी घे अन् गप बस." मी मात्र बोलण्यावर बोट ठेवलं. गोळ्या म्हटलं की लोक वेडी म्हणणार, आणि बोलणं तर माझा धंदाच आहे.

इथंच चुकलं. बोलून उपचार करणारी मुलगी हर्षाली, तिशीची असेल. समोर टेबल, टेबलावर तिचा हात. आता समोर हात आला की माझा हात गप्प बसतो का? मी तो धरला, अंगठ्याच्या मुळाशी दाबून पाहिला, सव्वादोनचं माप. आणि सवयीनं विचारलं, "माहेर कुठलं?" (हे आपण का विचारतो ते तुम्हाला ठाऊक आहे. बाई बोलायला लागली की हात ढिला पडतो, आणि ढिल्या हातात बांगडी वाढत नाही.) झालं. हर्षाली बोलायला लागली ती थांबेचना. काय बोलली ते सांगणार नाही, बांगड्या भरताना ऐकलेलं मी बाहेर नेत नाही. पण मी तिला दोन सल्ले दिले आणि वेळ संपली. पुढच्या गुरुवारी तेच. घरी येऊन मी ह्यांना सांगितलं, उपचार फार छान चाललाय, मुलगी बरीच सुधारली.

तिसऱ्या गुरुवारी हर्षाली आली ती दोन्ही हात टेबलाखाली घेऊनच बसली. हसत म्हणाली, "मावशी, माझी चूक झाली. आज मी बांगडीवाली. सांगा, माहेर कुठलं?"

आपा, मी माहेर म्हणाले आणि तोंडातून अम्मीचंच नाव निघालं. अम्मी गेली तेव्हा मी रडलेच नव्हते. सगळ्यांचं चहापाणी बघत होते, तुम्हाला सांभाळत होते. आरजूच्या चुड्याच्या वेळी शेजारी अम्मी बसलेली नसेल, हे कुठंतरी आत टोचत होतं आणि मी त्याला घाम म्हणत होते. तासभर रडले. बाहेर आले तेव्हा फार हलकं वाटलं, आणि सपाटून भूक लागली. ह्यांना दोन प्लेट भजी आणायला लावली.

आता बरंच बरं आहे. परवाच्या बाजारात सात बायकांना भरल्या, एकच वाढली. गजराबाई परत आल्या, आधी दुरून बघून मग बसल्या. डॉक्टर म्हणतात, बोलणं चालू ठेवा आणि काही महिने सोबत हलकी गोळीही घ्या, दोन्हीनं लवकर गुण येईल. मी विचार करून सांगते म्हणाले. पण तुम्ही काळजी करू नका. गोळीबिळी मला लागायची नाही.

दुलाभाईंना सलाम, आरजूला प्यार.

तुमची,
उम्मेहानी

ता. क. तुम्ही चुड्यासाठी दुसरी बांगडीवाली बघून ठेवली आहे, हे मला कळलंय. रागावले नाही. तिला नाही म्हणून सांगा.

ता. क. दुसरा. डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात आधी कुणी अशा गोळ्या घेतल्यात का, कुठल्या मानवल्या? त्यावरून निवडायला सोपं जातं. मी नाही म्हणाले. खोटं बोलले. नऊ वर्षांपूर्वी तुमच्याकडं तुरीच्या डाळीच्या डब्यात मला गोळ्यांचं पाकीट सापडलं होतं, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. तुम्ही बीपीच्या आहेत म्हणालात आणि मी चिठ्ठी वाचूनही व्हय व्हय म्हणाले. तेव्हा तुमचा हात धरून माहेर कुठलं विचारायला हवं होतं. चुकले, आपा. येत्या गुरुवारच्या आत त्या गोळीचं नाव लिहून पाठवा. आणि अजूनही डाळीच्या डब्यातच असतील तर काढा त्या, दमट होतात. चुड्याला येईन तेव्हा दोघी मिळून एकाच तांब्यातल्या पाण्यानं आपापली गोळी घेऊ.