लाल कुठली, हिरवी कुठली

३ फेब्रुवारी, सोमवार
साइटवरच्या नव्या इंजिनिअर सुप्रीता मॅडमनी आज माझं परमिट मागितलं. एकतीस वर्षं म्हैसुरात घरांचं वायरिंग करतोय, पण वायरमनचं परमिट काढलंच नाही. काम माझं, सही लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टर चिदंबरची — असंच चालत आलं. मॅडम म्हणाल्या, महिन्याभरात आणा, तोवर बोर्डाला हात लावू नका. पूर्वज म्हणे म्हैसूरच्या घोडदळात होते. त्यांचा वंशज रणोजीराव चार पानी फॉर्म बघून चहाला पळाला. दोन चहा प्यायलो.

६ फेब्रुवारी
अभ्यास सुरू. यशस्विनी कॉलेजातून आली की बापाला प्रश्न विचारते. ओहमचा नियम पाठ केला. इतकी वर्षं त्याचं माझ्यावाचून अडलं नव्हतं, माझंही त्याच्यावाचून. पुस्तक छातीवर ठेवून झोपलो. जयलक्ष्मी म्हणते, घोरण्याची परीक्षा असती तर नवरा पहिला आला असता.

११ फेब्रुवारी
फॉर्मला डोळ्यांच्या डॉक्टरांचा दाखला जोडायचा आहे. त्यांनी ठिपक्याठिपक्यांचं पुस्तक उघडलं आणि आकडा वाचा म्हणाले. कुठला आकडा? मला वाटलं, थट्टा करतायत. सहा पानं उलटली, एकही आकडा नाही! मग पुस्तक मिटून म्हणाले,
"तुम्हाला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत. जन्मापासून. कुणाच्या लक्षात नाही आलं?"
दाखला नाही मिळाला.
घरी सांगितलं. जयलक्ष्मी पदर तोंडाला लावून हसली — तरीच बाजारातून कच्चे टोमॅटो आणता! मीही हसलो. यशस्विनी नाही हसली.
"बाबा, मग वायरी कशा ओळखता?"
टेस्टर लावून, म्हटलं. करंट कुठल्या वायरीत ते टेस्टर सांगतो, रंग कशाला बघायचा?
"आणि तुमच्यानंतर जो बोर्ड उघडेल, तो काय बघेल?"

१२ फेब्रुवारी
यशस्विनीचा प्रश्न दिवसभर डोक्यात फिरला. जेवलो मात्र नेहमीएवढंच.

१६ फेब्रुवारी, रविवार
चिदंबरचा फोन — ओळखीचे दुसरे डॉक्टर आहेत, सुम्ने, म्हणजे नुसतीच, सही देतात, काही बघत नाहीत. विचार करतो म्हटलं. खोटं! परमिटच्या फोटोला कुठला शर्ट घालायचा इथपर्यंत ठरवून झालं होतं.
पण यशस्विनी स्कूटर काढून दारात उभी — आधी तुमचं एक जुनं काम उघडून बघू म्हणाली. सरस्वतीपुरमला नर्मदाबाई टीचरांकडे गेलो. रिटायर झाल्या तेव्हा त्यांच्या घराचं वायरिंग मी केलं, नऊ वर्षं झाली. स्वयंपाकघरातला सॉकेट उघडला, टेस्टर लावला. करंट ह्या वायरीत. रंग?
"हिरवा," यशस्विनी म्हणाली.
लाल वायर करंटची, हिरवी अर्थिंगची. तिच्यात करंट नसतो, म्हणून तिला कुणीही बिनधास्त धरतो. मी दोन्ही टोकांना लाल-हिरव्याची अदलाबदल केली होती. मिक्सर छान चालत होता.
मेन बंद केला. ती रंग सांगत गेली, मी वायरी बदलल्या. टीचर कॉफी घेऊन आल्या. म्हणाल्या, नऊ वर्षांत एकदाही तक्रार नाही हो.

१७ फेब्रुवारी
चिदंबरला नाही म्हणून कळवलं. मॅडमना सगळं सांगितलं. हाकलतील असं वाटलं होतं. त्यांनी वही पुढे केली — आठवतील तेवढी घरं लिहा. मला स्टोअरवर बसवलंय. पेंटचे डबे मात्र दुसऱ्याच्या ताब्यात. बरोबरच आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार
आठवड्यात अकरा घरं तपासून झाली. दोन ठिकाणी तीच चूक. चिदंबर आज स्वतःहून आला, सह्या माझ्या आहेत म्हणाला. त्याच्याकडे परमिट आहे, लायसन्स आहे, रंगही दिसतात — एकतीस वर्षांत एकदाही बोर्ड उघडून बघितला नव्हता. छान जोडी आमची. दोघांत मिळून एक वायरमन होत नाही.

२४ फेब्रुवारी
कुवेंपुनगरचं घर. मालक म्हणाले, गेल्या वर्षी एसी बसवायला आलेला रविकिरण ह्याच बोर्डापाशी शॉक लागून स्टुलावरून पडला, खांदा मोडला. त्यालाच काम येत नाही म्हणून कंपनीनं काढून टाकलं. बोर्ड उघडला. टेस्टर पेटला त्या वायरीचा रंग यशस्विनीनं सांगितला — हिरवा.
त्याचा नंबर घेतला. फोन लावला. त्यानं उचलला. माझं नाव सांगितलं. म्हटलं, चूक तुमची नव्हती, तो बोर्ड मी जोडलाय.